एक स्नानसंस्कार, दोन दारे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी युरोपातील धर्मसुधारणा शिकवीत होतो. ल्यूथर झाला, ट्रेंटची धर्मपरिषद झाली, कॅथलिक चर्चचे सात संस्कार फळ्यावर लिहून झाले. मागच्या बाकावरून नगर जिल्ह्यातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, “सर, डोक्यावर पाणी पडलं म्हणजे जात जाते का?” वर्ग हसला. तो मात्र हसला नाही.

तास संपल्यावर तो भेटायला आला. त्याचे आजोबा ख्रिस्ती झाले होते. आजोबांचे सख्खे भाऊ पुढे छप्पन्न साली बौद्ध झाले. दोन्ही घरे एकाच वस्तीत, एकमेकांना लागून. चुलत्याच्या मुलाला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते, याला मिळत नाही. कारण दाखल्यावर ‘ख्रिस्ती’ असे लिहिले आहे. गावाच्या लेखी मात्र दोन्ही घरे महारवाड्यातलीच. लग्नाच्या पंगतीत गावाने दोघांनाही एकाच ठिकाणी बसवले, म्हणजे मांडवाच्या बाहेर.

त्या दिवशी मी त्याला पुस्तकातले उत्तर दिले. आमच्या घराण्यात मॅट्रिकची पायरी ओलांडणारा मी पहिलाच. आपण जे पुस्तकात वाचले ते खरे असणारच, ही पहिल्या पिढीच्या पदवीधराची एक भाबडी श्रद्धा असते. पण त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. मग मी तो इतिहास पुन्हा वाचला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम सिद्धान्त पाहू. कॅथलिक चर्चच्या सात संस्कारांपैकी पहिला स्नानसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा. बाकीच्या सहा संस्कारांचे हे दार. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, कारण त्याने आत्म्यावर कायमचा ठसा उमटतो असे चर्च मानते. चौथ्या शतकात आफ्रिकेत दोनातपंथीयांनी वाद घातला, की पापी धर्मगुरूने दिलेला संस्कार खरा कसा मानायचा? संत ऑगस्टीनने त्याला उत्तर दिले, की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या योग्यतेवर तो अवलंबून नसतो. हीच भूमिका ट्रेंटच्या परिषदेने १५४७ साली पक्की केली. एवढेच नव्हे, तर जिवावर बेतलेले असेल तेव्हा कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. देणाऱ्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी चालते. फक्त पाणी हवे, ठरलेले शब्द हवेत आणि चर्चला अभिप्रेत आहे तेच करण्याचा हेतू हवा.

आपल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आपल्याकडे मंत्र खरा ठरतो तो म्हणणाऱ्याच्या जन्मावरून आणि ऐकणाऱ्याच्या जन्मावरून. कोल्हापूरच्या छत्रपतींनाही ‘तुम्ही शूद्र, तुम्हाला पुराणोक्तच’ असे सांगणारी ही परंपरा. चर्चच्या शास्त्रात वेदोक्त बाप्तिस्मा आणि पुराणोक्त बाप्तिस्मा असे दोन प्रकार नाहीत. राजाच्या मुलाला आणि गुलामाच्या मुलाला एकच पाणी, एकच शब्द. कागदावर याच्याइतके समतेच्या जवळ जाणारे धर्मशास्त्र क्वचितच सापडेल.

मग हे पाणी या देशात आल्यावर त्याचे काय झाले?

रोबेर्तो द नोबिली हा इटालियन जेझुइट १६०५ साली गोव्यात उतरला आणि पुढच्या वर्षी मदुरेला पोचला. तिथे गोन्सालो फर्नांडिस नावाचा पोर्तुगीज जेझुइट आधीपासून काम करीत होता. किनाऱ्यावरून आलेले परवर ख्रिस्ती त्याच्याकडे येत. मदुरेचा एकही वरिष्ठ जातीचा माणूस फिरकत नसे. नोबिलीने कारण शोधले. लोक ख्रिस्ती धर्माला ‘परंगी’ लोकांचा, म्हणजे फिरंग्यांचा धर्म समजत. फिरंगी गोमांस खातात, दारू पितात, नीच जातींत मिसळतात. म्हणून त्यांचा धर्मही नीच.

नोबिलीने वेश बदलला. भगवी कफनी, खांद्यावर जानवे, कपाळावर गंध, एकभुक्त शाकाहार. मी परंगी नव्हे, रोमचा उच्चकुलीन आहे, असे त्याने जाहीर केले. ब्राह्मण पंडिताकडून तो संस्कृत शिकला, तमिळमध्ये ग्रंथ लिहिले. १६०७ पासून त्याने फर्नांडिसशी उघड संबंध तोडला आणि आपले चर्च वेगळे थाटले. आता एकाच गावात, एकाच संघाचे, एकाच पोपला मानणारे दोन धर्मगुरू होते आणि त्यांना एका पंगतीला बसता येत नव्हते.

नोबिलीला ढोंगी ठरवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्याने अतोनात कष्ट सोसले, तो तुरुंगात गेला आणि १६५६ साली मैलापूरला जवळजवळ आंधळ्या अवस्थेत वारला. त्याचा प्रामाणिकपणा हा आपला विषयच नव्हे. विषय आहे त्याचा युक्तिवाद. फर्नांडिसने तक्रार केली, १६१९ साली गोव्यात धर्मगुरूंची परिषद बसली. गोव्याचे आर्चबिशप विरोधात होते. त्यांना नोबिलीने दिलेल्या उत्तराचा गाभा असा होता, की जानवे, शेंडी, गंध, स्नान ही धर्माची चिन्हे नाहीत, ती कुळाची व दर्जाची चिन्हे आहेत. जात ही पूजा नव्हे, लोकाचार आहे. म्हणून माणूस ख्रिस्ती झाला तरी त्याने ती सोडण्याचे कारण नाही.

या एका वाक्यावर माझ्या मते पुढच्या तीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेद निर्मूलना’त नेमके उलट सांगितले. लोक जात पाळतात ते ते दुष्ट आहेत म्हणून नव्हे, तर धर्मनिष्ठ आहेत म्हणून. जातीच्या मागे शास्त्राचे पावित्र्य आहे. नोबिलीने संस्कृत शिकूनही हे नाकारले, कारण नाकारणे सोयीचे होते. जात धर्मात मोडते असे मान्य केले असते, तर बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाचा त्याग करतात तसा तिचाही त्याग करावा लागला असता. तिला ‘लोकाचार’ म्हटल्याबरोबर तिला चर्चच्या दारातून आत येण्याचा परवाना मिळाला.

३१ जानेवारी १६२३ रोजी पोप पंधरावा ग्रेगरी याने आज्ञापत्र काढून जानवे, शेंडी, गंध आणि स्नान यांना पुढील चौकशीपर्यंत परवानगी दिली. परवानगी अटींवर होती. पण त्याच आज्ञापत्रात एक विनवणी आहे. उच्चकुलीनांनी हीनकुलीनांचा तिरस्कार करू नये, विशेषतः चर्चमध्ये देवाचे वचन ऐकताना व संस्कार घेताना त्यांच्यापासून वेगळे राहू नये. म्हणजे पोपला कळले होते. रोमला हजारो मैलांवरून दिसले होते, की या जानव्याच्या मागोमाग काय येणार आहे. पण जानव्याला मिळाली ती परवानगी आणि समतेच्या वाट्याला आली ती विनवणी. परवानगी त्याच दिवसापासून अमलात येते. विनवणी कोणी ऐकली का, याची चौकशी होत नाही.

पुढे सोय अधिक व्यवस्थित झाली. वरिष्ठ जातींत वावरणारा ‘संन्यासी’ गुरू खालच्या जातींत उघडपणे जाऊ शकत नव्हता. म्हणून १६४० च्या सुमारास ‘पंडारस्वामी’ नावाचे दुसऱ्या दर्जाचे मिशनरी नेमले गेले. बाल्थझार द कोस्टा हा त्यांतला पहिला. पंडारस्वामी शूद्रांत आणि अस्पृश्यांतही काम करीत. १६९३ साली ओरियूरला ज्याचा शिरच्छेद झाला आणि १९४७ साली ज्याला संतपद मिळाले, तो जॉन द ब्रिटो याच पंडारस्वामींपैकी. संख्येने पाहिले तर मदुरे मिशन मोठे झाले ते या खालच्या दाराने. ब्राह्मण मूठभरच आले. ज्यांच्यासाठी सगळा डोलारा उभारला ते आले नाहीत आणि जे आले त्यांना त्या डोलाऱ्यामुळे बाहेर उभे राहावे लागले.

बाहेर म्हणजे किती बाहेर? हे आपल्याला कळते ते एका तक्रारीच्या निकालातून. पाँडिचेरीत कापुचिन आणि जेझुइट या दोन संघांत भांडण लागले. १७०३ च्या नोव्हेंबरात पोपचा वकील शार्ल मेयार द तूर्नों तिथे उतरला. आजारी होता, आतल्या प्रदेशात गेलाच नाही. तरी १७०४ च्या जून-जुलैत त्याने सोळा कलमांचा हुकूम काढला. त्यांतली दोन कलमे मला शेजारी शेजारी ठेवून वाचावीशी वाटतात.

एक कलम थुंकीचे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाप्रमाणे बाप्तिस्म्यात नुसते पाणी नसे. धर्मगुरू चेहऱ्यावर श्वास फुंकी, जिभेवर मीठ ठेवी आणि आपल्या थुंकीने ओला केलेला अंगठा कानांना व नाकाला लावून ‘एफ्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’, असे म्हणे. येशूने एका बहिऱ्या माणसाला असेच बरे केल्याची कथा मार्कच्या शुभवर्तमानात आहे. पण मदुरेच्या उच्चवर्णीयाला दुसऱ्याची थुंकी अंगाला लागणे म्हणजे जिवंतपणी मरण. म्हणून मिशनऱ्यांनी हा विधी गाळला होता. तूर्नोंने हुकूम दिला, की थुंकी गाळायची नाही.

दुसरे कलम परैयरांचे. यांनाच गोरे लोक ‘परिया’ म्हणत. परैयर ख्रिस्ती आजारी पडला, मरायला टेकला, तरी उच्च जातींचा गुरू त्याच्या झोपडीत पाऊल टाकीत नसे. आजाऱ्यालाच उचलून बाहेर आणावे लागे. तूर्नोंचा हुकूम असा, की मिशनऱ्याने परैयराच्या घरी जाऊन, इतरांना देतो तितक्याच उघडपणे, अखेरचे संस्कार द्यावेत.

आता पुढची चाळीस वर्षे पाहा. अपिले झाली, जेझुइट प्रतिनिधी रोमला गेले, एकामागून एक पोपांनी आज्ञापत्रे काढली. १७३९ साली बाराव्या क्लेमेंटने इथल्या मिशनऱ्यांना शपथ सक्तीची केली. शेवटी १२ सप्टेंबर १७४४ रोजी चौदाव्या बेनेडिक्टने अखेरचे आज्ञापत्र काढले. थुंकीच्या बाबतीत गंभीर कारण असेल तर मुदतीपुरती सवलत मिळाली. कोणाही जातीच्या ख्रिस्ती माणसाने एकाच चर्चमध्ये मिस्सा ऐकावी, ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असे स्पष्ट सांगितले गेले. आणि परैयरांच्या झोपडीत जाण्याचा प्रश्न? जेझुइटांनी तोड सुचवली, की आम्ही परैयरांसाठी वेगळे मिशनरी नेमतो. पोपने ती मान्य केली. म्हणजे परैयराच्या झोपडीत धर्मगुरू आला खरा. पण तो परैयरांचा असा वेगळा धर्मगुरू होता.

याच शतकात आपल्याकडे काय चालले होते? पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके होते. त्याची थुंकी रस्त्यावर पडू नये, चुकून तिच्यावर सवर्णाचा पाय पडू नये म्हणून. तिकडे गोऱ्या धर्मगुरूची थुंकी सवर्णाच्या कानाला लागू नये म्हणून रोमपर्यंत अर्ज जात होते. थुंकी एकच. फरक एवढाच, की एका थुंकीसाठी पोपांना लेखणी उचलावी लागली आणि दुसऱ्या थुंकीसाठी कुंभाराच्या एका गाडग्यात काम भागले. ज्याच्या गळ्यात गाडगे होते त्याला कोणी विचारले नाही. ज्याला झोपडीतून उचलून बाहेर आणले जात होते त्यालाही कोणी विचारले नाही. चाळीस वर्षांच्या त्या प्रचंड पत्रव्यवहारात वकील बोलतात, बिशप बोलतात, जेझुइट व कापुचिन बोलतात. परैयर बोलत नाही. तो फक्त एक कलम आहे.

पण इतिहास आज्ञापत्रांतच घडत नाही. दुपल्यॉक्सचा दुभाष आनंद रंग पिळ्ळै याने पाँडिचेरीत रोजनिशी लिहिली. तो ख्रिस्ती नव्हता आणि अस्पृश्यांचा कैवारी तर नव्हताच. १७४५ च्या ऑक्टोबरात तो नोंद करतो, की इथल्या चर्चमध्ये परैयर आणि इतर ख्रिस्ती यांच्यामध्ये एक भिंत होती. परैयर मंडळी जमून धर्मगुरूंकडे गेली. आम्ही खरेच तुमचे शिष्य असू तर आमच्यात आणि त्यांच्यात हा भेद कशाला, असा त्यांचा प्रश्न होता. आणि भिंत काढली गेली.

आज्ञापत्राला जेमतेम एक वर्ष झाले होते. त्यामुळे आज्ञापत्रानेच भिंत पडली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. समतेची विनवणी १६२३ पासून कागदावर होती. तिने एक वीटही हलली नव्हती. वीट हलली ती पलीकडे उभ्या असलेल्या माणसांनी तोंड उघडले तेव्हा. ‘एफ्फाथा’ या शब्दाचा अर्थ त्यांनी बहुधा धर्मगुरूंपेक्षा अधिक बरोबर लावला होता.

एक भिंत पडली म्हणून सगळ्या पडल्या नाहीत. तिरुनेलवेली भागातल्या वडक्कनकुलम गावी १८७२ साली जे चर्च बांधले गेले, त्याचा आराखडाच जातीचा आहे. दोन लांब दालने, विजारीच्या दोन पायांसारखी, वेदीपाशी एकत्र येणारी. एका दालनात वेळ्ळाळ, दुसऱ्यात नाडार व इतर. वेदी दोघांना दिसते, पण एकमेकांचे तोंड दिसत नाही. १९१० साली तिथल्या जेझुइट धर्मगुरूंनी मधला अडसर काढला. पिळ्ळै व मुदलियार ख्रिस्ती कोर्टात गेले. अडसर पुन्हा उभारून द्या, तो आमचा हक्क आहे, अशी मागणी होती. प्रकरण मद्रास हायकोर्टापर्यंत पोचले. १९१७ च्या निकालसंग्रहात ते सापडते. कोर्टाने दावा फेटाळला. तुम्ही हिंदू असता तर विटाळाच्या कल्पनेवर आधारलेला असा हक्क कदाचित मानता आला असता. ख्रिस्ती माणसाला विटाळाचा नियम लागू नाही, असे कोर्टाचे म्हणणे पडले.

निकाल योग्यच होता. पण त्यातले तर्कशास्त्र ध्यानात ठेवा, कारण तेच पुढे उलट्या बाजूने आपल्या अंगावर येते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरवले, की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा नव्हे. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. मद्रासमधील सूसाई नावाच्या ख्रिस्ती चर्मकाराने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चर्मकारांना सरकार टपऱ्या देत होते, त्याला ख्रिस्ती म्हणून मिळाली नाही. १९८५ साली न्यायालयाने सांगितले, की धर्मांतरानंतर जात उरते एवढे दाखवून भागणार नाही. तिची जाचक झळ नव्या धर्मातही तशीच टिकली आहे, हे सिद्ध केले पाहिजे.

नोबिली म्हणाला होता, की जात धर्मात मोडत नाही, म्हणून ती ख्रिस्ती माणसाबरोबर आत येऊ शकते. राज्यसंस्था म्हणते, जात हिंदू धर्मातलीच आहे, म्हणून ती ख्रिस्ती माणसाबरोबर येऊच शकत नाही. दोन्ही विधाने एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पण दोन्ही वेळा भुर्दंड एकाच माणसाने भरला. पहिल्या सूत्राने त्याला भिंतीपलीकडे बसवले आणि दुसऱ्या सूत्राने त्याला सांगितले, की तुझ्यापुढे भिंत नाहीच.

चर्च बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मिशनऱ्यांची ती शपथ १९४० साली रद्द झाली. १९६९ च्या नव्या बाप्तिस्माविधीत थुंकी उरली नाही. धर्मगुरू कोरड्या अंगठ्याने कान आणि तोंड स्पर्शतो. ज्या गोष्टीसाठी चाळीस वर्षे भांडण चालले ती गोष्ट अखेर एका सुधारणेत सहज गळून गेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वंश, वर्ण, सामाजिक दर्जा यांवरून होणारा भेदभाव देवाच्या इच्छेविरुद्ध ठरवला. १९८३ च्या धर्मविधानाचे २०८ वे कलम ख्रिस्तात नवा जन्म घेतलेल्या सर्वांची समान प्रतिष्ठा सांगते. २०१६ साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयी धोरणपत्र काढून चर्चमध्ये जातिभेद आहे हे स्वतःच कबूल केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. नोबिली मदुरेला पोचल्यापासून मोजले तर चारशे सोळा वर्षांनी.

यात आपण फार हुरळून जाण्याचे कारण नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्या त्या भिक्खूंना नव्हे, तर दीक्षा घेणाऱ्या प्रत्येक माणसाला. सर्व माणसे समान आहेत असे मी मानतो, हे प्रत्येकाने आपल्या तोंडाने म्हटले. चर्चची शपथ मिशनऱ्यांसाठी होती, आपली प्रतिज्ञा लोकांसाठी होती, हा फरक मोठाच आहे. पण लग्न जुळवताना पोटजात विचारणारे बौद्ध मी माझ्याच नात्यात पाहिले आहेत. विचारले तर म्हणतात, “अहो, तो धर्माचा प्रश्न नाही, ती रीत आहे.” नोबिलीने दुसरे काय म्हटले होते? जात आपल्याही दारातून आत येते ती याच परवान्यावर.

त्या विद्यार्थ्याला मी आता असे सांगेन. बाबा रे, पाण्याने जात जात नाही. पाण्यावर म्हटलेला शब्द खरा असला तरीही जात नाही. धर्मशास्त्रात समता लिहिलेली असणे ही मोठी गोष्ट आहे, कारण पाँडिचेरीच्या माणसांना बोट ठेवायला तीच ओळ उपयोगी पडली. पण बोट त्यांनाच ठेवावे लागले. तुझ्या आजोबांनी डोक्यावर पाणी घेतले, चुलत आजोबांनी त्रिशरण घेतले. दोघांनाही माणूसच व्हायचे होते. गावाने दोघांनाही मांडवाबाहेर बसवले. तेव्हा त्या मांडवात शिरताना तुम्ही दोघे भाऊ वेगवेगळ्या दाराने जाणार की एकाच, एवढेच आता ठरवायचे आहे.